येवल्यास आलेले प्राचार्य

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात मुंबई इलाख्यातील दलित वर्गाची परिषद भरली. स्वागताध्यक्ष नाशिकचे अमृतराव रणखांबे आणि अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. सुमारे दहा हजार माणसे जमली होती असे सांगतात. त्या दिवशी अध्यक्षांनी जी प्रतिज्ञा उच्चारली ती येवल्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि दरसाल तेरा ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर जी रीघ लागते ती त्या प्रतिज्ञेपायीच लागते. धर्मांतरावर आजवर पुष्कळ अधिकारी मंडळी बोलली आहेत. आमचा विषय किंचित बाजूचा आहे. त्या दिवशी येवल्यास जे गृहस्थ आले होते ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, या गोष्टीकडे आमच्या मते फारसे कोणी पाहिलेले नाही.

त्यांची प्राचार्यपदी नेमणूक जून १९३५ मध्ये झाली. त्याच्या काही दिवस आधी, २७ मे रोजी, रमाबाई वारल्या होत्या. घरात हे दुःख, कॉलेजात नवी जबाबदारी, आणि पुढे चारच महिन्यांनी येवले. सरकारी पगार घेणारा कायद्याचा शिक्षक हजारो लोकांसमोर उभा राहतो आणि ज्या धर्मात जन्मलो त्यात मरणार नाही असे सांगतो. या सांगण्यात अपमानाची जळजळ होती हे कोण नाकारील? परंतु त्यामागे बारा वर्षांची वकिलीही होती. त्या वकिलीचा आणि या घोषणेचा संबंध काय, हे आम्हाला आज मांडावयाचे आहे.

आमच्याकडे वकिलीची सनद नाही. शाळा मधेच सुटली, आणि कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या ओसरीवर, तारखांच्या प्रतीक्षेत, जुन्या बाजारात घेतलेल्या कायद्याच्या पुस्तकांवर बोट ठेवून. युनियनचे काम करणाऱ्या माणसाला कायदा दोन तऱ्हांनी भेटतो. कधी तो ढाल असतो, कधी तोच दाराला लावलेले कुलूप असतो. कुठे ढाल आणि कुठे कुलूप हे ज्यांनी आयुष्यभर पारखले त्यांच्याकडे आम्ही वळतो ते या गरजेपोटी, भक्तीपोटी तेवढे नव्हे.

लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईत त्यांनी व्यवसाय सुरू केला. सनदेच्या फीपुरतेही पैसे गाठीला नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. अस्पृश्य बॅरिस्टरला बडे सॉलिसिटर काम देत नसत. मग कामे यायची ती लहान माणसांची, तालुक्या-जिल्ह्यांच्या कोर्टांतली, अपिलांची. परळला दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. आजूबाजूला गिरण्या, गिरण्यांभोवती चाळी. उच्च न्यायालयातील प्रतिष्ठित वकिलांच्या खोल्यांपासून ही जागा फार दूर. पण कामगार आपल्या पायांनी चालत येऊ शकेल अशी होती.

वकिलीवर घर चालेना म्हणून १९२५ ते १९२८ त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकविला, पुढे वर्षभर सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ शिकविले, आणि १९३५ साली तेथेच ते मुख्य झाले. त्यांच्या कागदांत मिळालेली अध्यापनाची टिपणे महाराष्ट्र शासनाने छापली आहेत. ज्यांना बाबासाहेब केवळ सभेतल्या गर्जनेतून ठाऊक आहेत त्यांनी ती एकदा चाळावीत. मुदतीचा कायदा, पुराव्याचा कायदा, विश्वस्त निधीचा कायदा, मालमत्तेचे हस्तांतर. कोठेही भाषण नाही. एक कलम, त्याचा अर्थ, त्याचा अपवाद, पुढचे कलम. आम्हाला ही रुक्षता फार आवडते. जो मनुष्य मनुस्मृती जाळण्याच्या परिषदेचे नेतृत्व करतो, तोच दुसऱ्या दिवशी मुदतीच्या कायद्यातला अपवाद विद्यार्थ्यांना समजावू शकतो. या दोन गोष्टी एकाच माणसात असाव्यात याचे नवल वाटण्याचे कारण नाही. दुसरीवाचून पहिली नुसती आरोळी ठरली असती.

वकील म्हणून त्यांनी कोणाच्या बाजू घेतल्या हेही पाहण्यासारखे आहे. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर वगैरेंवर बदनामीचा खटला झाला व खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, तेव्हा अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि १९२६ साली आरोपी सुटले. पुढे १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक शंकांना उत्तरे दिली एवढाच गुन्हा. कर्वे ब्राह्मण, विषय असा की सभ्य गृहस्थ चारचौघांत नाव घेणार नाहीत. त्यात आंबेडकरांना मते मिळावयाची नव्हती की पैसा. तरी त्यांनी उच्च न्यायालयात बाजू मांडली आणि ते हरले. हा हरलेला खटला आम्हाला जिंकलेल्यांइतकाच मोलाचा वाटतो. नागरी हक्क फक्त आपल्या माणसाचा नसतो हे सभेत सांगणे सोपे आहे. आपला नसलेल्या, लोकांना न आवडणाऱ्या माणसाचे वकीलपत्र घेणे निराळे.

आता महाडकडे येऊ. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले ही हकीगत सर्वांना माहीत आहे. त्या पाण्यावरून पुढे जो दावा चालला तो मात्र पुष्कळांच्या वाचनात नाही.

हकीगत अशी. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि पाण्याला कोणी शिवले नाही. १९२७ च्या मार्चमध्ये माणसे पाणी प्याली, मार खाल्ला, तळे गोमूत्राने ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले, तेव्हा १२ डिसेंबर १९२७ रोजी नरहरी दामोदर वैद्य आदी वादींनी आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

२५ डिसेंबरला महाडात हजारो लोक जमले होते. जीवावर उदार होऊन आलेले. त्यांना तळ्यावर जाऊ द्यावे की नाही? आंबेडकरांनी मनाई हुकूम मानला. लोकांची समजूत घातली, तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. आमच्या क्षेत्रातील काही जहाल मित्रांना हे आजही खटकते. आम्हाला वाटते, संप चालविलेल्या माणसाला हा निर्णय चटकन समजेल. आपले भांडण सवर्णांशी आहे; त्या दिवशी सरकार आणि कोर्ट यांनाही अंगावर घेतले असते तर भांडण कोणाशी आहे हेच पुसट झाले असते. आणि दावा लढण्यासारखा होता. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली, हे या संयमाबरोबरच ध्यानी घ्यावे.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला आणि वादी हरले. ठाण्यास अपील झाले, ते ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. वादी उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी तेही अपील फेटाळले. एका तळ्यातले पाणी पिण्याचा आपला हक्क कोर्टाकडून मान्य होण्यास सव्वानऊ वर्षे लागली. आमच्या अभ्यासमंडळात आम्ही हा निकाल मराठीत समजावून सांगत असता एका सफाई कामगाराने विचारले, “नऊ वर्षं तळ्याचं पाणी पीत कोण होतं?” याहून नेमका प्रश्न एखाद्या कायदेपंडितालाही सुचला नसता.

निकाल कशावर लागला ते पाहा. अस्पृश्यता अन्यायाची आहे, सबब वादी हरले, असे कोर्टाने म्हटलेले नाही. वादींचे म्हणणे, अस्पृश्यांनी या तळ्यावर यावयाचे नाही अशी अनादिकालची रूढी आहे. कोर्ट म्हणाले, तळे नगरपालिकेचे आहे, आणि अनादिकालची म्हणता ती रूढी तुम्ही शाबीत केलेली नाही. खटला फिरला तो शाबितीच्या भारावर. बाहेर ठेवणाऱ्याने सिद्ध करावयाचे होते. बाहेर ठेवलेल्याने नव्हे. बचावाची सारी किमया या एका गोष्टीत होती. पण ज्याला वाचता येते त्याला निकालातला धोकाही दिसतो. उद्या एखाद्या गावी वादींनी भक्कम साक्षीपुरावे आणून तशी रूढी शाबीत केली तर? तर त्या काळचा कायदा कोणाच्या बाजूने उभा राहिला असता, याचे उत्तर देवळांच्या दाव्यांत मिळते.

कारण देऊळ म्हणजे तळे नव्हे. मद्रासकडील कमुदीच्या देवळात नाडार जातीच्या लोकांनी प्रवेश केला म्हणून दावा झाला होता. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ साली नाडारांच्या विरुद्ध निकाल लागला. रूढीने ज्यांना प्रवेश नाही त्यांना बाहेर ठेवण्याचा हक्क कोर्टाने उचलून धरला. तळ्याच्या बाबतीत नगरपालिकेची मालकी ही वाट होती. देवळाच्या बाबतीत कायदाच दारावर पहारा देत होता.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास ही मंडळी पुढे होती. त्या रामनवमीला रथावरून झालेली दगडफेक, तुरुंगवास, गावोगावी बहिष्कार, यांच्या कथा आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत आहेत; त्या येथे पुन्हा सांगत नाही. पाच वर्षांत मंदिराचे दार उघडले नाही. मध्यवर्ती कायदेमंडळात रंगा अय्यर यांचे मंदिरप्रवेशाचे बिल १९३३ साली आले आणि पुढच्याच साली बारगळले. १९३४ च्या मार्चमध्ये आंबेडकरांनी भाऊरावांना पत्र लिहून सत्याग्रह थांबविण्याचा विचार कळविला होता. म्हणजे येवल्यापूर्वी दीड वर्ष.

येवल्याच्या परिषदेत जे ठरले त्याचा हा भाग लोक विसरतात. प्रतिज्ञा गाजली, पण परिषदेने ठराव केला तो मंदिरप्रवेशाचा लढा थांबविण्याचा. पाच वर्षांचे श्रम पुरे झाले. आता शक्ती अशा ठिकाणी खर्च करू नये, समाजाची स्वतंत्र उभारणी करावी, असा त्याचा मथितार्थ. आम्ही हा ठराव वाचतो तेव्हा आम्हाला एक वकील दिसतो. दाव्यात एक वेळ अशी येते की अशील विचारतो, पुढे चालवू या का? खरा वकील अशा वेळी फी पाहात नाही. तो पाहतो की प्रतिपक्षच न्यायासनावर बसला आहे काय. मंदिराच्या दाव्यात तेच होते. प्रवेश द्यावयाचा कोणी? ज्यांनी नाकारला त्यांनीच. अर्ज कोणाकडे? त्यांच्याकडेच. अपील? तेही त्यांच्याकडेच. असा दावा चालविण्यापेक्षा तो काढून घ्यावा, आणि ज्या न्यायासनाचे अधिकारक्षेत्र आपण मानतो म्हणून ते आपल्यावर चालते, ते मानणेच सोडावे. येवल्याची घोषणा, आमच्या समजुतीप्रमाणे, अशी अधिकारक्षेत्र नाकारणारी घोषणा होती. धर्मभावनेचा प्रश्न आम्ही कोर्टाच्या भाषेत उतरवीत आहो असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. पण महाडचा दावा त्या दिवशी उच्च न्यायालयात पडून होता, त्याच्या तारखा त्यांच्या डोक्यात होत्या, हे विसरून ते येवल्यात बोलले असतील असे आम्हाला वाटत नाही.

आणि घोषणेनंतर धर्मांतर लगेच झाले नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला, म्हणजे एकवीस वर्षे आणि एक दिवस. मधल्या काळात जे घडले त्यातले आमच्या कामगारांच्या वाट्याचे आता सांगतो.

येवल्याहून अनकाईचा डोंगर मागे टाकला की मनमाड. तेथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली आणि आंबेडकर अध्यक्ष होते. येवल्याला जेवढी माणसे जातात त्याच्या दशांशही या परिषदेचे नाव घेत नाहीत, आणि यात आम्हा युनियनवाल्यांचा संकोच आहे. कारण मनमाडला ते जे बोलले ते आम्हालाच बोलले. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी सांगितले; आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, जी ब्राह्मणेतरांतही आहे, असा खुलासा केला. मग उदाहरणे दिली. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करतो आणि तेथे विटाळ आड येतो. कापडगिरणीत त्याला विणाई खात्यात घेत नाहीत.

हे विणाई खात्याचे प्रकरण येवलेकरांना वेगळे समजवायला नको. पैठणीच्या मागाचा आवाज ऐकत वाढलेल्या माणसाला धोटा आणि कांडी ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागणार; तेथे अस्पृश्याचे तोंड नको. म्हणून ज्या खात्यात पगार बरा, ते खाते त्याला बंद. हा दंडक मालकाने घातला नव्हता. तो घातला होता शेजारच्या मागावरच्या कामगाराने, युनियनच्या वर्गणीदाराने. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी आग्रह धरला की सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी ती घातली, पण मनापासून नव्हे. मालक मंडळींना यावर हसू आले असल्यास दोष कोणाला द्यावा? कामगारांची एकजूट फोडली असा ठपका आंबेडकरांवर आमच्या चळवळीतील थोरामोठ्यांनी ठेवला आहे. जी एकजूट धोट्याच्या भोकातून पार होत नव्हती ती फोडावयाला आधी होती कोठे?

आणि तरीही, त्याच वर्षाच्या शेवटी, तेच आंबेडकर त्याच थोरामोठ्यांबरोबर एका व्यासपीठावर उभे राहिले. मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. समेटाची लांबलचक वाट पुरी चालल्याखेरीज संप केला तर तो बेकायदेशीर, आणि त्याबद्दल शिक्षा. प्राचार्यपद चारच महिन्यांपूर्वी सोडलेल्या आंबेडकरांनी सप्टेंबर १९३८ मध्ये विधानसभेत त्यावर जे भाषण केले ते कायद्याच्या वर्गातल्या उत्तम तासासारखे आहे. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी बाब आहे, तिची भरपाई मागता येते. ती गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास तुरुंगाच्या धाकाने लावणे याला गुलामगिरी म्हणतात. काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारीत खेचणारा १८५९ चा कायदा १९२५ साली रद्द झाला होता. तो मागच्या दाराने परत येत होता असे आम्ही म्हणू. स्वातंत्र्याचा हक्क पवित्र असेल तर संपाचा हक्क त्याचेच दुसरे नाव आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. बिल मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. गोळीबारही झाला. वैचारिक भांडण कायम ठेवून एका मुद्द्यावर हात मिळविणे ही कला पुढच्या पिढ्यांना साधली नाही, हे वेगळे सांगावयास नको.

याच काळात वतनाचा प्रश्न चालू होता. महार वतनदाराला कामाचे तास मोजलेले नाहीत, पगार ठरलेला नाही, बोलावणे येईल तेव्हा हजर. १९२८ साली त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे. आपल्या जिल्ह्यात सिन्नरला १९४१ साली वतनी जमिनींवरील वाढीव आकाराविरुद्ध परिषद झाली. हलकी वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. ती गेलेली पाहावयास ते राहिले नाहीत.

जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी कामाचा दिवस चौदा तासांवरून आठवर आणला असे एक वाक्य दर एक मेला फलकांवर दिसते. हे खरे नव्हे, आणि खरे सांगितल्याने त्यांचे काही कमी होत नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होतीच. १९४६ च्या दुरुस्तीने ती नऊ आणि ४८ वर आली. आठवड्याचे सहा तास. ज्याने रिंग खात्यात उभ्याने पाळी केली आहे त्याला विचारा सहा तास म्हणजे किती. पुराव्याचा कायदा शिकविणाऱ्या माणसाच्या नावावर बिनपुराव्याचे वाक्य खपविणे आम्हाला बरे वाटत नाही.

सगळेच त्यांच्या मनासारखे झाले असेही नव्हे. युद्धकाळात, १९४३ साली, कोळशाच्या खाणीत स्त्रियांना जमिनीखाली उतरविण्यावरची बंदी उठविण्यात आली. ती त्यांच्याच खात्याकडून. त्यावर टीका झाली. खाणीत स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी ठरविली आहे असे त्यांनी उत्तर दिले. बंदी पुन्हा लागू झाली ती १९४६ मध्ये. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असे बिल त्यांनी १९४३ साली मांडले. ते पुढे १९४७ साली कायद्याच्या रूपाने मंजूर झाले आणि अंमलात आणण्याचा हुकूम कधीच निघाला नाही! मान्यताप्राप्त युनियनची तरतूद संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहितेत घातली. त्याच संहितेत प्रत्येक उद्योगात संपाआधी चौदा दिवसांच्या नोटिशीची अटही घातली आहे. १९३८ चे ते भाषण काढून वाचावे अशी वेळ आहे.

संविधानातील त्यांच्या कामाविषयी येथे लांबण लावीत नाही. एकच जागा दाखवितो. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, ज्या गोष्टींचा वापर कोणाला जातीच्या कारणावरून नाकारता येणार नाही त्यांची यादी आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. राज्याच्या पैशाने राखलेले किंवा सार्वजनिक उपयोगासाठी दिलेले. संविधानासारख्या दस्तऐवजात विहीर आणि तलाव हे शब्द का यावेत याचे परदेशी वाचकाला नवल वाटेल. महाडच्या दाव्यात जे वकिली कौशल्याने मिळवावे लागले, ते येथे सरळ लिहून टाकले आहे. रूढी शाबीत झाली तरी आता उपयोग नाही. सतराव्या अनुच्छेदाने ती वाटच बुजविली. आणि हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट बत्तिसाव्या अनुच्छेदात ठेवली, ज्याला त्यांनी घटनेचे हृदय म्हटले.

शाबितीचा भार मात्र सर्वत्र उतरलेला नाही. आमच्या हातात सध्या एका गावच्या सफाई कामगारांचे प्रकरण आहे. गावाचे नाव घेत नाही. माणसे वर्षानुवर्षे भल्या पहाटे त्याच गल्ल्या झाडतात, त्याच गटारी उपसतात. कंत्राटदार बदलतो, माणसे तीच, आणि जात बहुतेकांची कोणती ते सांगावयास नको. एके दिवशी काम बंद केले. कायदा म्हणतो, वर्षात २४० दिवस काम केले असेल तर असे काढता येत नाही. दिवस सिद्ध कोणी करावयाचे? कामगाराने, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले. पुढे २००५ साली तोच नियम ठेवून थोडी सवलत दिली: कामगाराने आपल्याकडचे जेवढे असेल तेवढे पुढे ठेवावे, हजेरीपट मागवून घ्यावा, मग मालकाच्या मौनाचाही विचार होईल. हजेरीपट असतो कंत्राटदाराच्या कपाटात. महाडला ज्याने बाहेर ठेवले त्याला सिद्ध करावे लागले. येथे ज्याला बाहेर काढले त्याला.

म्हणून आम्ही आमच्या लोकांना वह्या दिल्या आहेत. रोजची तारीख, गल्ली, मुकादम कोण, सोबत कोण होते, आणि शेजारी उघडे असलेल्या दुकानदाराची सही मिळाल्यास सही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या त्यांच्या मुली लिहितात. एका वहीत तारखेच्या शेजारी पावसाचीही नोंद असते. आम्ही ती काढावयास सांगितली नाही, कारण उलटतपासणीत पावसाचा दिवस फार कामाला येतो. सहा कामगारांचे मिळून दोन वर्षांचे दिवस या वह्यांत भरले आहेत. हजेरीपट हजर करण्याचा अर्ज दिला आहे. प्रतिपक्षाने म्हणणे देण्यास मुदत मागितली, ती मिळाली. उन्हाळ्याची सुटी संपली की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख आहे.